सुपरवायझर नाही, तरी चूक सांगायला माणूस घाबरतोय. काय करावं?

प्रश्न (सीएनसीवाला, वाळूज)

गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, अकरा वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी आमच्या सेलचा, म्हणजे मशीनच्या गटाचा, सुपरवायझर काढला आणि आम्हा सात जणांना सांगितलं, तुमचं तुम्हीच चालवा. कोणत्या मशीनवर कोण, सुट्टी कुणाला, सगळं आम्हीच ठरवतो. पहिले सहा महिने कामाला जायची ओढ वाटायची.

मागच्या महिन्यात नाइटला नवीन पोराचा ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचं टूलचं माप, चुकला. बोअर (पार्टातलं भोक) मोठा झाला, म्हणजे सरळ स्क्रॅप. लहान असता तर रिवर्क तरी झाला असता. भोक बरोबर असलं तर नो-गो गेज आत जात नाही; ते आत जाताना त्यानं बघितलं, पण शेजारच्या मशीनवाल्याला सांगितलं नाही. सकाळपर्यंत ८४ नग गेले.

मी म्हणलं, "अरे, दुसऱ्याच नगाला सांगायचं ना." तर म्हणाला, "दादा, इन्सेंटिव्ह सगळ्यांचा एकत्र. माझ्यामुळं तुमचा गेला असता तर तुम्ही माझ्याशी बोलला असता का?"

खरं बोलला तो. त्याच्या आधी एकाची चूक झाली, तेव्हा आम्ही आठवडाभर त्याला टपरीवर चहाला बोलावलं नव्हतं. साहेबाचा धाक गेला आणि आमचाच एकमेकांना बसला. हे कसं मोडायचं?

उत्तर १ (लातूर, एमबीएला शिकवते)

दादा, तुम्ही दुखणं अचूक धरलंय. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका कारखानदार कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास छापला. चूक बोलून दाखवली तरी इथं मला कुणी पाण्यात पाहणार नाही, हा विश्वास जिथं होता तिथं माणसं विचारत होती, शिकत होती. याला मानसिक सुरक्षितता म्हणतात. त्याआधी दवाखान्यांतल्या अभ्यासात त्यांना दिसलं होतं की चांगल्या टीमच्याच नावावर औषधांच्या चुका जास्त. कारण तिथं चुका झाकल्या जात नव्हत्या. तेव्हा रिजेक्शनचा आकडा थोडा वाढला तर लगेच घाबरू नका.

उत्तर २ (जालना)

पैशाचं आधी बघा. स्वतःहून सांगितलेल्या खराब नगासाठी इन्सेंटिव्ह कापू नका, असं मॅनेजमेंटकडं लेखी मागा. ते तसंच राहिलं तर गोड बोलून भागणार नाही.

उत्तर ३ (बचत गट, औसा)

आम्ही अकरा बायका पापड करतो, मालक कुणी नाही. एकदा पापडखार जास्त पडला. तळल्यावर पापड लाल आणि कडू. कुणीच कबूल होईना. मग अध्यक्षताई उठल्या, म्हणाल्या, "गेल्या साली बँकेचा हप्ता माझ्याकडून चुकला होता, मी सांगितलं नाही." तेव्हा कुठं एकीनं तोंड उघडलं. आधी जुन्या माणसानं सांगावं लागतं, भाऊ.

सीएनसीवाला, चार दिवसांनी

लेखी अर्ज दिलाय, उत्तर नाही. ताईंचं मात्र लगेच केलं. शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर सांगितलं की मी ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन लावून दोन तास मशीन चालवली होती आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. पोरगं खाली मान घालून ऐकत होतं. निघताना जवळ आलं, म्हणालं, "दादा, तीन नंबरचं कूलंट कमी पडायलंय. परवापासून."