ओव्हन नको, पाक नको: ओट्सचे लाडू

(ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा; नावांऐवजी फ्लॅटचे नंबर आहेत.)

शनिवार, रात्री ८:४०

ए ३०४: बी ६०२ च्या ताई, लिफ्टमध्ये तुम्ही लेकीला ओट्सचा लाडू दिलात, तेव्हापासून तिचं तेच चाललंय. प्लीज रेसिपी टाका ना. सोमवारपासून तिचा क्लास सकाळी साडेसहाला आहे आणि ती काही न खाताच पळते.

डी १०३: मलाही हवी. घोडबंदर रोडवरून स्टेशन गाठेपर्यंतच भुकेने डोकं दुखायला लागतं.

सी ११०१ काका: ओट्स कच्चेच खायचे? शिजवायचे नाहीत?

बी ६०२ ताई: थांबा, सविस्तर लिहिते. मोठा मेसेज होईल, पण हे लाडू बिघडतात ते दोन-तीन ठिकाणीच, आणि ती ठिकाणं सांगितल्याशिवाय रेसिपी देण्यात अर्थ नाही.

आधी काकांचं उत्तर. आपल्याला घ्यायचेत रोल्ड ओट्स, जाड पोह्यांसारखे दिसतात ते. हे दाणे आधी वाफवून मग रोलरखाली चपटे केलेले असतात, म्हणून न शिजवता खाल्ले तरी चालतात. स्टील कट मिळतात ते घेऊ नका. ते नुसते तुकडे केलेले दाणे असतात, लाडवात कचकच लागतात. इन्स्टंटचं पीठच होतं, लाडू बसका होतो. मसाला ओट्सच्या पाकिटाचा तर विचारही नको.

प्रमाण असं. १ कप ओट्स (साधारण ९० ग्रॅम), अर्धा कप पीनट बटर, पाव कप मध, २ मोठे चमचे भाजलेल्या जवसाची पूड, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. वरून हवं तर मूठभर काळ्या मनुका किंवा डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे. मीठ विसरू नका, त्याशिवाय सगळं नुसतं गोडमिट्ट लागतं.

ओट्स कोरडेच मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतायचे. रंग बदलायची वाट बघू नका. कच्चट वास जाऊन खमंग वास आला की लगेच ताटात काढा, गरम कढईत ठेवले तर तळाचे करपतात. पूर्ण गार होऊ द्या. मग त्यातले अर्धे मिक्सरला एक-दोनदा फिरवून भरड करा, अर्धे तसेच ठेवा. भरड भाग मिश्रण धरून ठेवतो आणि अख्ख्यांमुळे चावायला मजा येते.

आता सगळं एकत्र करा. या वेळी ते चिकट आणि सैल दिसेल, हाताला लागेल. इथेच लोक घाबरून आणखी ओट्स ओततात. काही घालू नका! झाकण ठेवून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ओट्स ओलावा शोषून घेतात, पीनट बटर घट्ट होतं आणि तेच मिश्रण छान वळलं जातं. तळहाताला तुपाचं बोट लावून एका घासाचे लाडू वळा. पंधरा-सोळा होतात.

डी १०३: बाप रे, एवढं सोपं? म्हणजे मलाही जमेल.

बी ४०१: ताई, मधाऐवजी खजूर चालेल का? आमच्याकडे मध कोणाला आवडत नाही.

बी ६०२ ताई: चालेल, मला तर तोच जास्त आवडतो. डब्यात मिळतो तो काळा मऊ खजूर घ्या, बिया काढून दहा-बारा. फक्त पाण्यात भिजवू नका. पाणी गेलं की लाडू लवकर खराब होतात. चमचाभर तुपावर मंद आचेवर परता, चमच्याने दाबला की लगदा होतो.

ए ७०१ आजी: पीनट बटर विकत कशाला आणता गं मुलींनो? दाणे घरात असतात की. दाणे मंद भाजायचे, सालं चोळून पाखडून टाकायची आणि कोमट असतानाच मिक्सरला लावायचे. आमच्या घरी दाण्याचा लाडू असाच व्हायचा, नुसते दाणे आणि गूळ. दाण्याचं तेल सुटलं की लाडू आपोआप वळला जातो, तुपाची गरजच नाही.

बी ६०२ ताई: आजी, अगदी बरोबर. हे लाडू तुमच्या दाण्याच्या लाडवाच्याच पोटातले आहेत, ओट्स फक्त नवे.

घरी करणार असाल तर चटणीचं लहान भांडं घ्या. आधी कूट होतं, मग ते भांड्याच्या कडेला चिकटून बसतं आणि वाटतं आता काही होणार नाही. झाकण उघडून चमच्याने खाली ओढा, पुन्हा फिरवा. असं चार-पाच वेळा केलं की आधी गोळा होतो आणि मग एकदम तेल सुटून सैल, चकचकीत होतं. मध्ये मध्ये थांबा, मिक्सर तापतो. पाण्याचा थेंबही घालू नका. विकतचं आणलंत तर मागचं लेबल वाचा. नुसते शेंगदाणे, फार तर मीठ, एवढंच लिहिलेलं घ्या. त्यावर तेल तरंगतं ते खराब झालं म्हणून नव्हे, ढवळून घ्यायचं.

ए ७०१ आजी: आणि गूळ घालायचा तर?

बी ६०२ ताई: गूळ साधा, मऊ. चिकीचा नको. किसून चमचाभर तुपात फक्त विरघळेपर्यंत गरम करायचा आणि गॅस बंद. पाक झाला की लाडू दगड होतात, मुलांना चावत नाहीत.

डी ५०२: (फॉरवर्ड) ओट्स खा, कोलेस्टेरॉल घालवा! रोज सकाळी दोन ओट्स लाडू आणि हृदयविकार कायमचा दूर!

बी २०५: ग्रुपवर हे असं फिरू नये म्हणून लिहिते, माझं कामच आहारतज्ज्ञाचं आहे. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो आणि तो कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो, हे खरं आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने (एफडीए) १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर तसा दावा छापायला परवानगी दिली. पण त्यासाठी रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम ओट्स. ताईंच्या प्रमाणात अख्ख्या घाण्यात ९० ग्रॅम ओट्स आहेत. म्हणजे तेवढ्यासाठी बारा-तेरा लाडू खावे लागतील! दोन लाडवांनी ते होणार नाही. कोलेस्टेरॉलसाठी ओट्स हवे असतील तर वाटीभर लापशी किंवा उपमा करा. आणि डॉक्टरांच्या गोळ्या फॉरवर्ड वाचून बंद करू नका, हात जोडून सांगते.

सी ११०१ काका: मग मला डायबेटिस आहे, मी खाऊ की नको? साखर तर नाही घातलेली.

बी २०५: काका, साखर घातली नाही म्हणजे गोड नाही असं नसतं. मध, गूळ, खजूर तिघंही रक्तातली साखर वाढवतात. दाणे आणि जवस असल्याने ती जरा सावकाश वाढते, एवढाच फरक. शिवाय एक लाडू साधारण ९० कॅलरींचा, त्यातला निम्मा भाग दाण्यांचा. आकार लहान म्हणून येता-जाता चार तोंडात टाकले तर एका जेवणाएवढं होतं. तुम्ही खायचाच असेल तर खजूर निम्मा करून भाजलेले तीळ आणि फुटाण्याचं कूट वाढवा, बांधायला थोडं पीनट बटर जास्त. आणि एक. तुमची साखर सध्या किती आहे ते बघून तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

सी ११०१ काका: बरं. एक तर एक.

सी ४०२: आमची दहा महिन्यांची आहे, तिला थोडासा भरवला तर?

बी २०५: नाही! मध वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही द्यायचा नाही. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम जंतूंचे बीजाणू असू शकतात. आपल्याला त्याने काही होत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. मध गरम केला तरी बीजाणू मरत नाहीत. आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अख्खे दाणे-बदामही नकोत, घशात अडकतात. बारीक वाटलेलं चालतं.

डी १०३: ताई, टिकतात किती? मी रविवारी करून आठवडाभर न्यायचं म्हणतोय.

बी ६०२ ताई: फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात आठवडाभर आरामात. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिनेही राहतात, रात्री चार काढून खाली ठेवायचे. मी सकाळी निघताना लहान स्टीलच्या डबीत दोन घालते आणि ऐरोलीच्या गाडीत बसायला जागा नसली तरी एका हाताने खाते. खाली काही सांडत नाही, वास येत नाही, हात चिकट होत नाहीत. पोळीभाजी उभ्याने खाता येत नाही, वडापाव रोज खाववत नाही, आणि उपाशी पोटी नुसत्या चहावर अकरा वाजवणं तर सगळ्यांत वाईट. म्हणून मी याच्या इतकी मागे लागले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये चॉकलेट घालू नका, बॅगेत वितळून डबी बरबटते. तेव्हा मनुका किंवा भाजलेलं सुकं खोबरं. आणि पावसाळ्यात लाडू बाहेर उघडे ठेवले तर आपल्या ठाण्याच्या दमट हवेने दुपारपर्यंत मऊ पडतात. थरांमध्ये बटर पेपर घातला तर एकमेकांना चिकटत नाहीत. आणि बरोबर पाणी प्या, तंतुमय आहे, पाण्याशिवाय पोट जड होतं.

रविवार, सकाळी ११:१५

ए ३०४: ताई, करतेय. पण वळायला गेलं की भुसभुशीत होतंय, फुटतंय. दूध शिंपडू?

बी ६०२ ताई: दूध नको, पाणीही नको, टिकणार नाहीत. फ्रीजमधून काढून किती वेळ झाला?

ए ३०४: आत्ताच काढलं. घरचंच दाण्याचं वाटण घातलंय.

बी ६०२ ताई: मग दहा मिनिटं बाहेर ठेवा, फार गार असेल तरी फुटतं. नंतर मूठभर घेऊन घट्ट दाबा. मुठीच्या रेषा त्यावर उमटल्या आणि गोळा सुटला नाही तर झालंय. सुटला तर चमचाभर मध घाला, मळा, पुन्हा दाबून बघा. एकदम ओतू नका. घरचं वाटण बहुतेक अजून थोडं फिरवायला हवं होतं, तेल पुरतं सुटलेलं नसलं की असं होतं.

ए ३०४: हो, जरा रवाळच आहे. घालते मध.

ए ३०४: झाले!! एक चमचा पुरला. लेकीने वळायला बसून तीन खाल्लेसुद्धा.

बी ४०१: जवस आणि भोपळ्याच्या बिया सुट्या कुठे मिळतील?

ए ७०१ आजी: जांभळी नाक्यावर. सकाळी जा, गर्दी कमी असते. जवस तोंडात टाकून बघ, कडवट लागलं तर जुनं आहे, घेऊ नकोस.

डी १०३: पुढच्या रविवारी मुलांना घेऊन येऊरला जातोय ना सगळे? बिस्किटांऐवजी हेच नेऊया का? रॅपरचा कचराही होणार नाही.

सी ४०२: चालेल, पण माझ्या मोठ्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. कूट हाताला लागलं तरी अंगावर पित्त उठतं.

बी ६०२ ताई: बरं झालं सांगितलंत. त्याच्यासाठी सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया भाजून वाटते, त्याचंही असंच लोणी होतं. बियांची पाकिटंही बघून घेते, शेंगदाण्याबरोबर पॅक केल्याचं लिहिलेलं असलं तर नको. ती बॅच मी आधी करीन, धुतलेल्या भांड्यात, दाण्याचं काहीही बाहेर काढायच्या आधी. डी १०३, तुम्ही दाण्याचे आणा. दोन्ही डबे वेगळ्या पिशव्यांत, झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून. आणि वाटायला प्रत्येक डब्यापाशी एकच जण, मुलांनी स्वतः हात घालायचा नाही.

डी १०३: नक्की. दाण्याचा डबा माझ्याकडेच राहील.

सी ४०२: मी त्याची औषधं बरोबर ठेवते. ताई, बिया मीच आणून देते, किती लागतील तेवढं सांगा.

बी ६०२ ताई: दोन्ही मिळून पाव किलो आणा. गुरुवारपर्यंत दिल्यात तर शनिवारी सकाळी करते.