मदत हवी आहे: मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे

नमस्कार मंडळी,

मी घरीच डीटीपीची कामं घेते. प्रकाशकांच्या जुन्या फाइली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, फॉन्टही युनिकोडच्या आधीचे, त्यामुळे विंडोज १० सुटत नाही. मशीन चौथ्या पिढीचं आय-५, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून दिवाळीची कामं हातावेगळी झाल्यावर डिस्कच्या दुसऱ्या भागावर (पार्टिशनवर) लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मेल, बँक, सगळं मिंटमध्ये. विंडोजचं नेट बंद, तिथे फक्त पेजमेकर.

आता अडचण. मिंटमध्ये सकाळचे १०:४० वाजलेले असतात, विंडोज सुरू केलं की ५:१० दिसतात. हाताने वेळ दुरुस्त केली तर मिंट साडेपाच तास पुढे जातं, नेट लागलं की आपोआप जुळतं, आणि पुन्हा विंडोज मागे. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्डचा बटण सेल बदलून दिला, काही फरक नाही.

परवा याचा फटका बसला. दुपारी १ वाजता मिंटमध्ये मेलवरून आलेली फाइल पेनड्राइव्हवर घेतली, विंडोजमध्ये डी ड्राइव्हवर टाकली, ४ वाजेपर्यंत १४ पानांची करेक्शन्स केली. रात्री आवराआवर करताना डीवरच्या फाइलला १०:३० ची वेळ दिसली, पेनड्राइव्हवरच्या फाइलला १ ची. डीवरची जुनी समजून कायमची काढून टाकली. प्रूफ कागदावर आहे म्हणून निभावलं, पण असं पुन्हा होऊन चालणार नाही.

दुसरं, मिंटमधून डी ड्राइव्हवर कधी लिहिता येतं, कधी फक्त वाचता येतं. हे याच्याशीच संबंधित आहे का?

प्रतिसाद १

ताई, सेल चांगलाच होता. सेल उतरला की वेळ वाटेल तशी भरकटते, दरवेळी नेमकी साडेपाच तास नाही. मदरबोर्डच्या घड्याळात मिंट जागतिक वेळ लिहितं, विंडोज तोच आकडा स्थानिक वेळ समजून वाचतं. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून हा फरक. विंडोजला नेट असतं तर त्याने वेळ जुळवून घेतली असती.

मिंटमधली वेळ बरोबर आहे ना बघा आणि टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ही कमांड द्या, सगळी अक्षरं इंग्रजी लहान लिपीत: sudo timedatectl set-local-rtc 1. यावर मिंट एक इशारा दाखवतं. त्यातली मुख्य भीती उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणाऱ्या देशांसाठी आहे. भारतात ती पद्धत नाही, तेव्हा बिनधास्त करा.

प्रतिसाद २

डी ड्राइव्हचं कारण वेगळं आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल. त्यात शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो, आणि मिंट धोका नको म्हणून त्यावर लिहू देत नाही. रीस्टार्ट केलं तर मात्र पूर्ण बंद होतं, म्हणून तुम्हाला कधी जमतं, कधी नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांच्या पानावर फास्ट स्टार्टअपची खूण काढा. खूण फिकट दिसली तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज'वर आधी क्लिक करा. मिंटमधून जबरदस्तीने लिहायचा प्रयत्न करू नका, तिथे फाइली खराब होऊ शकतात.

धागाकर्ती

दोन्ही केलं. तीनदा इकडून तिकडे जाऊन पाहिलं, दोन्हीकडे वेळ सारखी. डी ड्राइव्ह शट डाउननंतरही लिहू देतोय. रीस्टार्टचं लक्षातच आलं नव्हतं, ज्या दिवशी घाईत असायचे त्या दिवशी रीस्टार्ट करून थेट मिंटमध्ये यायचे, आणि त्याच दिवशी जमायचं! दोघांचे मनापासून आभार. १४ पैकी ९ पानं पुन्हा झाली आहेत.