घरठाण, परडं आणि बेचिराख

अनुवादक: इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या उठून गेलेल्या गावावरचा लेख मराठीत करते आहे. बेरेसफर्ड आणि हर्स्ट या संशोधकांनी १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात तिथे खणलं. घराची जागा ती टॉफ्ट, तिच्यामागचा कुंपणाचा तुकडा तो क्रॉफ्ट. टॉफ्टला 'घरठाण' केलं, क्रॉफ्टला अडले. 'परसबाग' म्हटलं की नुसतं अळू दिसतं. शिवाय उठून गेलेल्या गावासाठी लिहिलेल्या 'बेचिराख गाव'वर संपादकांनी फुली मारली : "गाव जळलं नव्हतं."

घाटमाथा: ताई, क्रॉफ्टला 'परडं'. आमच्या आजोळी परड्यात कडब्याची गंजी, शेणी, उकिरडा आणि एक शेवगा.

दप्तर: संपादक चुकले. बेचिराखमध्ये राख नाहीच. फारसी बे-चिराग, दिवा नसलेलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून बघा. वडील तलाठी होते, वस्ती नसलेल्या गावाला ते 'बेचिराग मौजे' म्हणत.

मुद्रितशोधक: व्युत्पत्ती मान्य. पण 'बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख' हे रोज वाचणाऱ्याला राखच दिसणार. व्हॅरम मेंढ्यांनी उठवलं. लोकरीला भाव आला, नांगर थांबले, १५०० च्या सुमारास वस्ती संपली. 'ओसाड' लिहा.

शुद्धमती: ओसाड उत्तम. फारसीची गरजच काय? 'परित्यक्त ग्राम'ही चालेल.

दप्तर: शेकडो वर्षं दप्तरात राहिलेला शब्द परका कसा? 'परित्यक्त ग्राम' गावात कोण बोलतं?

काळी_पांढरी: आमच्या शेतात जुन्या गावाचं टेकाड आहे. पहिल्या पावसानंतर खापरं आणि बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. त्याला सगळे 'पांढर' म्हणतात. व्हॅरमला हाच शब्द शोभेल, तिथली जमीनही खडूच्या दगडाची.

मुद्रितशोधक: पांढर नांदत्या गावाचीही असते. काळी शेताची, पांढरी वस्तीची. उठलेपण त्यात येत नाही.

काळी_पांढरी: आमच्या भागात येतं. 'पांढरीवर गेलो होतो' म्हटलं की कुणी गावात शोधत नाही.

अनुवादक: दिव्यावरून आठवलं. गाव गेलं तरी तिथलं सेंट मार्टिनचं चर्च १९४९ पर्यंत चालू होतं. मग बे-चिराग तरी म्हणावं का?

दप्तर: म्हणावं. महसुलात चुली मोजतात, देवळातला दिवा नाही.

शुद्धमती: देवळात दिवा आहे ते गाव मी ओसाडही म्हणणार नाही.

कोकणकडा: मागचं वाचलं. आमच्याकडे परड्यात माड-केळी असतात, उकिरडा नाही. क्रॉफ्टमध्ये नक्की काय होतं ते आधी सांगा.