बायपासच्या जुन्या व्हेन ग्राफ्टमध्ये (पायाची शीर वापरून केलेला पर्यायी रक्तमार्ग) ताजा थ्रॉम्बस (रक्ताची गुठळी): स्टेंट कुठे टाकायचा?

कॅथलॅब_रजिस्ट्रार
वय ६८, बायपासला ११ वर्षं झालीत. एनस्टेमी (हार्ट अटॅकचा एक प्रकार), छातीचं दुखणं औषधांवर थांबलंय. लिमा-एलएडी (छातीतली धमनी हृदयाच्या पुढच्या धमनीला जोडलेला ग्राफ्ट) छान चालू. ओएमला (सर्कमफ्लेक्स धमनीची फांदी) जाणाऱ्या सॅफेनस व्हेन ग्राफ्टच्या मधोमध ९० टक्के ब्लॉक, कडा धूसर, टिमी २ फ्लो (रक्त पुढे जातंय, पण संथ). हृदयाची मूळ सर्कमफ्लेक्स धमनी उगमापाशीच पूर्ण बंद, जुनी सीटीओ (दीर्घकाळ पूर्ण बंद धमनी) दिसते. ग्राफ्टलाच स्टेंट टाकायचा का? सुटलेला कचरा अडवणारा फिल्टर लागेलच का? थ्रॉम्बस आधी ओढून घ्यावा का?

जुना_ऑपरेटर
मूळ धमनीत साधा ब्लॉक असता तर तिकडेच गेलो असतो, कारण दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास व्हेन ग्राफ्ट निकामी होतात. पण अॅक्यूट पेशंटमध्ये सीटीओ उघडायला बसू नका. वेळ आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही हाताबाहेर जातात. हृदयाच्या त्या भिंतीला आज हा ग्राफ्टच पोसतोय. तो आधी सावरा, सीटीओचं लक्षणं आणि व्हायबिलिटी (तिथला स्नायू जिवंत आहे का) बघून नंतर ठरवा. पुढे सीटीओ उघडायला रेट्रोग्रेड (उलट बाजूने) जायलाही हाच रस्ता कामी येईल. ग्राफ्ट जुनाच पूर्ण बंद असता तर त्याला हात लावू नका असं सांगितलं असतं.

सर्जरीची ऑपरेटिव्ह नोट मिळवाच. ग्राफ्ट सिक्वेन्शियल (एकच ग्राफ्ट दोन धमन्यांना जोडलेला) निघाला तर सुटलेला कचरा दोन फांद्यांत जातो.

फिल्टरवाला
जागा असेल तर फिल्टर लावा. जुन्या ग्राफ्टमधला प्लाक (भिंतीवरचा चरबीचा थर) ठिसूळ असतो, स्टेंट उघडताच कचरा खाली सुटतो. २००२ च्या सेफर ट्रायलमध्ये डिस्टल प्रोटेक्शनमुळे ३० दिवसांतल्या गंभीर घटना १६.५ वरून ९.६ टक्क्यांवर आल्या (तिथलं उपकरण बलूनचं होतं, फिल्टर नव्हे). ब्लॉकच्या पुढे साधारण ३ सेंमी सरळ, निरोगी भाग हवा. ब्लॉक अॅनास्टोमोसिसला (ग्राफ्ट धमनीला जोडलेली जागा) चिकटून असेल तर फिल्टरला जागाच उरत नाही. एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ, सेकंदांत) २५० च्या वर ठेवा, नाहीतर फिल्टरवरच गुठळी धरते.

शक्यतो डायरेक्ट स्टेंटिंग (आधी बलून न फुगवता). ग्राफ्ट ३.५ मिमीचा असेल तर ४ च्या स्टेंटचा मोह नको. भिंत जास्त ताणली की कचराही जास्त सुटतो. पोस्ट-डायलेटेशन (स्टेंटनंतर पुन्हा बलून फुगवणं) सवयीने करू नका. थ्रॉम्बस सरसकट ओढायचीही गरज नाही, मोठा ढेकूळ दिसला तरच.

कॅथलॅब_रजिस्ट्रार
स्टेंटनंतर फ्लो थांबला तर?

फिल्टरवाला
कॉन्ट्रास्ट स्टेंटच्या पुढे तसाच उभा राहिला तर आधी फिल्टर भरल्याचा संशय घ्या. घाईने ओढू नका. अॅस्पिरेशन कॅथेटरने फिल्टरमागे साचलेलं रक्त काढा, मग फिल्टर मिटवा. उलट केलंत तर सगळं ओएममध्ये.

फिल्टर काढूनही फ्लो नाही, तर खरा नो-रिफ्लो (खालच्या सूक्ष्म वाहिन्यांतच रक्त न जाणं). वाहिन्या सैलावणारी औषधं, नायट्रोप्रुसाइड ५० ते १०० मायक्रोग्रॅमचे बोलस किंवा व्हेरापामिल १०० ते २०० मायक्रोग्रॅम, मायक्रोकॅथेटरमधून (बारीक नळी) खाली सोडा. फ्लोच नसताना गाइडमधून (ग्राफ्टच्या तोंडाशी असलेली मोठी नळी) दिलेलं औषध बरंचसं महाधमनीत परत जातं. सिरिंज स्टेंट उघडण्याआधीच भरून ठेवा आणि बीपीवर नजर असू द्या. नायट्रोग्लिसरीनवर विसंबू नका, ते सूक्ष्म वाहिन्यांवर फारसं चालत नाही.

जुना_ऑपरेटर
टू-बी-थ्री-ए इनहिबिटर (प्लेटलेट रोखणारं शिरेतून दिलं जाणारं औषध) ग्राफ्टमध्ये सवयीने चालू करू नका. ग्राफ्टमध्ये फायदा दिसलेला नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. स्टेंट डीईएसच (औषध लावलेला) घ्या, पण २०१८ च्या दिवा ट्रायलमध्ये व्हेन ग्राफ्टमध्ये वर्षभरात डीईएस आणि बेअर मेटल (औषध नसलेला) यांच्यात फरक निघाला नव्हता, तेव्हा स्टेंट चांगला म्हणून ग्राफ्ट टिकेल असं पेशंटला सांगू नका. लिमा दाखवायची असल्याने डाव्या मनगटाची रेडियल धमनी सोयीची.

कॅथलॅब_रजिस्ट्रार
समजलं. फिल्टर उघडण्याआधी खालच्या ३ सेंमीचा शॉट वेगळा घेतो.