मदत हवी आहे: बुद्धिबळाच्या हरलेल्या डावातली ओपनिंगची (सुरुवातीच्या खेळ्यांची) चूक मुलीला स्वतः शोधायला कशी शिकवायची?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. लेक सातवीत आहे, फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग 1500 च्या आसपास, क्लासिकल स्पर्धा खेळते म्हणजे 90 मिनिटं आणि दर खेळीला 30 सेकंद वाढीव. मी स्वतः कॉलेजात खेळायचे त्यामुळे पटावरचं कळतं, पण ओपनिंगच्या थिअरीचं एवढं प्रस्थ तेव्हा आमच्याकडे नव्हतं, म्हणून खेळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लोकांना विचारतेय.

अडचण अशी की डाव हरला की घरी येऊन ती आधी स्टॉकफिश (डाव तपासणारं कॉम्प्युटर इंजिन) लावते, जिथे त्याने दाखवलेला आकडा खाली पडला तिथे बोट ठेवते, "आई इथे चुकलं", बरोबर खेळी पाठ करते आणि लॅपटॉप बंद. पुढच्या स्पर्धेत समोरचा त्याच जागी वेगळं काहीतरी खेळतो आणि परत तेच.

परवाचाच डाव सांगते. ही काळ्याकडून, ओपनिंग टू नाइट्स. पांढऱ्याने घोडा जी5 वर आणला, हिने प्यादं डी5, त्याने मारलं. इथे घोड्याने उलट मारायचं नाही हे तिला पक्कं माहितीये, कारण पांढरा घोडा एफ7 वर पडतो आणि राजा बाहेर ओढला जातो (फ्राइड लिव्हर). म्हणून घोडा ए5, उंटाचा शह, प्यादं सी6, मारामारी झाली, काळ्याचं एक प्यादं कमी पण मोहरी भराभर बाहेर येतात. आता तिने पाठ केलेलं असं की पांढरा उंट ई2 वर जाणार, मग आपण एच6, घोडा एफ3 वर मागे, मग ई4 ढकलून त्याला परत पळवायचं. पण समोरच्याने उंट डी3 वर ठेवला. हिने तरी एच6 केलंच! घोडा सरळ ई4 वर येऊन बसला, त्याला उंटाचा जोर, आता ते प्यादं पुढे जाणार कसं? तिथे ही खूप वेळ अडकली, मग घाईघाईत खेळली, कॅसलिंग राहिलंच आणि डाव गेला.

गंमत म्हणजे इंजिन त्या एच6 ला मोठी चूक म्हणतच नाही, आकडा जरासाच हलतो. म्हणजे इंजिनच्या हिशोबाने ओपनिंग ठीक होतं, पण माझ्या मते डाव तिथेच हातातून गेला कारण तिथून पुढे तिच्याकडे काही बेतच नव्हता. मी लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर मास्टर्सचे डाव चाळले तर तिथे घोडा डी5 वर नेतात. वजिराची वाट मोकळी होते, जी5 च्या घोड्यावर लगेच मारा येतो, आणि आपला घोडा पुढे एफ4 वर जाऊन त्याच उंटाला त्रास देऊ शकतो. हे मी तिला समजावलं तर तिने तेही दोन मिनिटांत पाठ करून टाकलं, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

तिचे सर मनापासून शिकवतात, पण त्यांचं म्हणणं ओपनिंग बदला, कारो-कान (काळ्याचंच दुसरं ओपनिंग) घ्या, आणि वीस वीस खेळ्यांच्या फाइली पाठवतात. मला पटत नाहीये. कारो-कानमध्येही घोडा डी7 नंतर पांढऱ्याने वजीर ई2 वर आणला आणि आपण सवयीने दुसरा घोडा एफ6 वर काढला, तर सहाव्या खेळीला घोडा डी6 आणि मात, ई7 चं प्यादं वजिरामुळे हलूच शकत नाही. न बघता खेळायची सवय तशीच राहिली तर ओपनिंग बदलून काय होणार?

आणखी एक, 18 च्या आतल्या मुलांचा के फॅक्टर (एका डावात रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) 40, बरोबरीच्या मुलाशी हरलं की 20 पॉइंट जातात, त्यामुळे हॉलबाहेर पालकांचा पहिला प्रश्न "किती गेले?" मुलं मग समोरच्याबरोबर बसून डाव परत लावतच नाहीत, आणि मला तर वाटतं की तू उंट डी3 का ठेवलास हे त्या मुलाला तिथल्या तिथे विचारण्यात जे मिळेल ते कुठल्या फाइलीत नाही.

सध्या मी एवढं ठरवलंय की इंजिन लावायच्या आधी तिने स्कोअरशीट बघून सांगायचं, पाठ असलेली शेवटची खेळी कुठली आणि त्यानंतर मनात काय होतं. पण संध्याकाळपर्यंत तिला आठवत नाही. घड्याळातली वेळ स्कोअरशीटवर लिहायला फिडेच्या नियमात परवानगी आहे, तर दर चार-पाच खेळ्यांनी वेळ लिहायची सवय लावावी का, की त्याने लक्ष विचलित होईल? कुणी करून बघितलंय का?

आणि जे डाव ओपनिंग बिघडूनही ती जिंकते त्यांचं काय करता तुम्ही? ते तर ती उघडूनसुद्धा बघत नाही, जिंकले ना मग काय बघायचं असं म्हणते. 2025 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली तेव्हापासून उत्साह भरपूर आहे, मेहनतीला ती मागे हटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुढची स्पर्धा आहे आणि तिला टू नाइट्सच खेळायचंय. तोपर्यंत रोज तासभर मिळतो, त्यात जुने डाव किती आणि नवीन लाइनी किती, तुम्ही कसं वाटून घ्याल?