हायब्रीड गाडी घेताना बाहेरच्या सजावटीवर खर्च करावा का?

वऱ्हाडी गाडीवान (नागपूर)
स्ट्राँग हायब्रीडसाठी (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर, जी काही वेळ इंजिन बंद ठेवून एकटीच गाडी चालवते) साध्या पेट्रोल गाडीपेक्षा काही लाख जास्त मोजायचे आणि मग शोरूममध्ये काळं छत, मोठी चाकं निवडून त्याच मायलेजला कात्री लावायची, हे मला पटत नाही. पुढच्या आठवड्यात टोयोटाची हायब्रीड हायरायडर बुक करतोय. सेल्समनचा आग्रह ड्युअल टोनचा आहे, लाल रंगावर काळं छत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर नाही, हायब्रीड बॅटरीवर चालतो. छत तापलं की एसी जास्त वीज ओढतो, बॅटरी लवकर उतरते आणि सिग्नलला उभ्या गाडीचं बंद असलेलं इंजिन सुरू होतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये काळी आणि चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या उन्हात ठेवून मोजणी केली होती. छताच्या तापमानात २५ अंशांपर्यंत फरक पडला, आतल्या हवेत पाच-सहा अंशांचा. त्यामुळे पांढरा किंवा चंदेरी, तोही एकच रंग, असं माझं मत आहे.

सिंहगड रोड
दादा, त्या मोजणीत अख्खी गाडी काळी होती, नुसतं छत नव्हे. शिवाय गाडी निघाल्यावर काचा खाली करून गरम हवा बाहेर घालवली की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर फरक बराच कमी होतो. माझी गाडी तर बेसमेंटमध्येच उभी असते. पंधरा-वीस लाख घालून घेतलेली वस्तू दहा वर्षं रोज डोळ्यांसमोर राहणार. पुढे विकताना बरं पडेल म्हणून जो तो पांढरी घेतो आणि पार्किंगमध्ये स्वतःची गाडी नंबर वाचून ओळखतो. मला लाल आवडते, मी लालच घेतली आणि त्याचा मला रोज आनंद होतो. लिटरमागे अर्धा किलोमीटर गेला तरी तो मला परवडतो.

टायरवाला काका
ताई, रंग ज्याचा त्याने ठरवावा. चाकांच्या बाबतीत मात्र मी ऐकून घेणार नाही. टोयोटाच्याच २०२३ च्या प्रियस या हायब्रीडचे अमेरिकेतले सरकारी आकडे बघा. १७ इंची चाकांच्या मॉडेलला गॅलनमागे ५७ मैल, १९ इंची चाकांच्या वरच्या मॉडेलला ५२. इंजिन तेच. वरच्या मॉडेलचं थोडं जास्त वजन त्यात धरलं तरी लिटरमागे सुमारे दोन किलोमीटर गेले, ही काही किरकोळ गोष्ट नाही. हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा कारखान्यातून १७ इंचीच येतात, त्या तशाच राहू द्या. बाहेर १८ इंची बसवून घेतली की टायरची उंची घटते आणि पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या खड्ड्यात रिम वाकतो. वर विमा कंपनीला कळवलं नसेल तर दाव्याच्या वेळी वाद.

रत्नांग्री
समुद्राकाठच्या माणसाचं ऐका, क्रोमच्या चिकटवायच्या पट्ट्या घेऊ नका. दमट, खारट हवेत त्यांच्यामागे पाणी आणि चिखल अडकून राहतो. काढल्यावर खालचा रंग वेगळा दिसतो तो दिसतोच. काचांवरचे पावसाचे वायझर आणि मडफ्लॅप मात्र जरूर घ्या, कोकणात ती सजावट नव्हे. आणि पुढचा लोखंडी गार्ड कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. केंद्राने २०१७ सालीच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. धडकेत समोरच्या पादचाऱ्याला त्याने जास्त इजा होते.

सिंहगड रोड
गार्ड आणि क्रोमबद्दल मान्य. पण काका, सगळ्याच गाड्यांत चाकं वेगळी निवडता कुठे येतात? काही कंपन्या मोठी चाकं आणि ३६०° कॅमेरा एकाच वरच्या व्हेरियंटमध्ये बांधून देतात. मला अरुंद गल्लीत कॅमेरा हवा असेल तर चाकं त्याच्यासोबत घ्यावीच लागतात. अशा वेळी मायलेजसाठी मी कॅमेरा सोडणार नाही.

वऱ्हाडी गाडीवान
ताई, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचा तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. ऑफिस घरापासून सहा किलोमीटरवर. गाडी दिवसभर उघड्या मैदानात उन्हात, सावलीला एक झाड नाही. संध्याकाळी ती पहिली पंधरा मिनिटं म्हणजेच माझा अख्खा प्रवास. बेसमेंट असतं तर लाल रंगाचा विचार केला असता. एकरंगी पांढरी बुक करतोय, सोबत वायझर आणि मडफ्लॅप. अ‍ॅक्सेसरी पॅकेजमधलं बाकी सगळं काढायला सांगणार आहे.