मदत हवी आहे: महागडा वायफाय स्पीकर दर चार-पाच दिवसांनी गायब होतो

ऊनसावली
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. घरात एकाच कंपनीचे दोन वायफाय स्पीकर आहेत. हॉलमधला व्यवस्थित चालतो. सासऱ्यांच्या खोलीतला दर चार-पाच दिवसांनी ॲपमधून नाहीसा होतो. रीसेट केला की कधी सुरू होतो, कधी नाही. सासरे पहाटे साडेपाचला अभंग लावतात, म्हणजे साडेपाचला मला उठवतात. कस्टमर केअरने तीनदा "रीसेट करा" एवढंच सांगितलं. प्लीज कुणीतरी लवकर सांगा, आज रविवार आहे म्हणून वेळ आहे.

बोरीबाभळी
कुठली कंपनी? कुठलं मॉडेल? राउटर कोणता? घरात भिंती किती?

ऊनसावली
कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत. एकाची किंमत ४० हजारांच्या घरात. राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला. भिंती असतात तेवढ्या आहेत.

तपकीरगल्ली
४० हजार??? ताई, त्या पैशांत बुधवार पेठेत एक बरा ॲम्प्लिफायर, दोन बुकशेल्फ स्पीकर आणि वीस मीटर वायर आली असती, वर रिक्षाचं भाडं सुटलं असतं. माझा सेट १९९४ चा आहे. आजवर एकदाही "अपडेट" मागितलेलं नाही.

मेघमल्हार
झालं, आले वायरवाले. त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय!
ऊनसावली, कंपनी सोनोस आहे का? त्यांनी मे २०२४ मध्ये नवं ॲप आणलं, त्यात स्लीप टायमरसारख्या साध्या सोयीसुद्धा नव्हत्या. जगभरातून शिव्या पडल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये सीईओ पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले.

ऊनसावली
नाही, सोनोस नाही. आणि सीईओ गेल्याने सासऱ्यांचे अभंग लागणार आहेत का?

अण्णा_मिरजकर
आमच्याकडे ट्रॉली स्पीकर आहे. खाली चाकं, दोन माइक, पेन ड्राइव्ह लागतो. गणपतीत आरतीला एकदम झकास. घ्यायचा असेल तर सांगा, ओळखीचं दुकान आहे.

बोरीबाभळी
अण्णा, पहाटे साडेपाचला चाकांचा स्पीकर लावला तर सोसायटी नोटीस काढेल.
ताई, वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. स्पीकर बहुतेक २.४ वरच चालत असेल. राउटर २.४ आणि ५ ला एकच नाव देत असेल तर दोन्ही नावं वेगळी करा आणि स्पीकर २.४ ला जोडा.

ऊनसावली
ते कधीच केलंय. ५ वालं त्या खोलीत धड पोचतही नाही. फोनवर मात्र तिथे २.४ च्या सगळ्या दांड्या दिसतात.

काकडआरती
आयपी पत्ता, म्हणजे राउटर प्रत्येक वस्तूला देतो तो नंबर, बदलत असेल. राउटरमध्ये त्या स्पीकरला कायमचा पत्ता बांधून द्या. माझ्या प्रिंटरचा त्रास त्यानेच गेला.

मेघमल्हार
पत्ता बदलला तर ॲप त्याला पुन्हा शोधतं. फोनवर व्हीपीएन चालू आहे का? आयफोन असेल तर सेटिंगमध्ये "लोकल नेटवर्क"ची परवानगी बघा.

ऊनसावली
अँड्रॉइड आहे. व्हीपीएन नाही. त्याच फोनवरून हॉलमधला चालतोय, मग परवानगीचा प्रश्न कुठे येतो?

शब्दखूळ
स्पीकरला "ध्वनिक्षेपक" हा सुंदर शब्द असताना...

तपकीरगल्ली
शब्दखूळ, ध्वनिक्षेपक म्हणजे माइक. स्पीकरला ध्वनिवर्धक म्हणतात. निदान सुधारायला आलात तर नीट तरी सुधारा.

शब्दखूळ
ध्वनिवर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर! याच्यावर वेगळा धागा काढतो.

परदेशी_पाहुणा
ऊठसूट रीसेट करू नका असं माझं सांगणं आहे. मार्च २०२५ मध्ये गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ (टीव्हीला आणि स्पीकरला जोडायची वायफाय उपकरणं) एकाएकी चालेनासे झाले, कारण आतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने लोकांना रीसेट करू नका म्हणून सांगितलं, पण तोवर अनेकांनी करून टाकलं होतं आणि त्यांचं दुखणं लांबलं. वस्तू धडधाकट, पण कंपनीच्या सर्व्हरने ओळख दिली नाही की ती उंबऱ्याबाहेर.
आता एक नीट आठवून सांगा. रीसेट केल्यावर स्पीकर जवळपासच्या वायफायची यादी दाखवतो. तो बिघडलेला असतो तेव्हा त्या यादीत तुमचं नाव दिसतं का?

ऊनसावली
अरे हो! तेच तर विचित्र आहे. वरच्या मजल्यावरच्यांचं दिसतं, समोरच्यांचं दिसतं, आमचंच नसतं. राउटर बंद करून चालू केला की येतं. हे सांगायचं राहिलं.

परदेशी_पाहुणा
हेच आधी सांगायचं हो! आणि हा स्पीकर घेतलाय कुठून?

ऊनसावली
माझी बहीण न्यू जर्सीला असते. दिवाळीत भाओजींनी येताना आणला. हॉलमधला इथे पुण्यातच घेतलाय. त्याने काय फरक पडतो? दिसायला दोन्ही सेम आहेत.

परदेशी_पाहुणा
फरक तिथेच आहे. २.४ च्या पट्ट्यात चॅनल, म्हणजे रेडिओ स्टेशनसारख्या वेगवेगळ्या जागा असतात; भारतात १ ते १३ चालतात. अमेरिकेत विकायची उपकरणं सहसा ११ पर्यंतच ऐकतात. सोसायटीत १, ६, ११ वर गर्दी असते. तुमचा राउटर "ऑटो"वर असेल तर मोकळी जागा बघून १२ किंवा १३ वर जाऊन बसतो. भारतातला फोन आणि हॉलमधला स्पीकर त्याला ऐकतात, भाओजींचा स्पीकर बहिरा. राउटर पुन्हा सुरू केला की तो नव्याने चॅनल निवडतो, म्हणून कधी चालतं, कधी नाही.
राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याचं सेटिंग उघडायचा पत्ता आणि पासवर्ड असतो. आत जाऊन २.४ चा चॅनल ऑटोवरून ६ करा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

काकडआरती
तरी पत्ता बांधून घ्याच.

घरकुल_नाशिक
यापेक्षा ग्राहक आयोगात जा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फीसुद्धा नाही.

बोरीबाभळी
कुणाविरुद्ध? भाओजींविरुद्ध?

तपकीरगल्ली
अमेरिकेतली वॉरंटी इथे धरणार नाहीत बहुतेक. पावतीवर वाचा. आणि १३ चॅनल काय, ११ चॅनल काय! तांब्याच्या तारेला देश नसतो.

मेघमल्हार
तारेला देश नसतो, पण तुमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागाही नसते. फोटो पाहिलाय मी.

ऊनसावली
(बुधवार) राउटरमध्ये शिरले तर खरंच १३ होता! ६ केला. तीन दिवस एकदाही गायब झाला नाही. परदेशी_पाहुणा, तुमचे उपकार. कस्टमर केअरला मी पहिल्याच फोनवर सिरियल नंबर दिला होता. माल कुठल्या देशाचा हे त्यांना त्यावरून दिसत नसेल का? आता त्यांचा सर्व्हे आलाय, "आमच्या सेवेला किती तारे द्याल?"
फक्त आज पहाटे अभंग ऐवजी बातम्या लागल्या. ते बहुतेक सासऱ्यांचंच बोट असावं.

काकडआरती
पत्ता बांधला का?

अण्णा_मिरजकर
मग ट्रॉलीचं काय ठरलं? गणपतीआधी भाव वाढतात.